गच्चीवरचा ॲडॅप्टिव्ह अँटेना ॲरे: सॅटेलाइटवर जे होतं ते पुण्यातल्या पत्र्यावर कसं करून बघायचं

गेल्या उन्हाळ्यात कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाच अँटेनांचा ॲरे (मिळून एक काम करणारी अँटेनांची रांग) लावला. सगळं जोडलं, लॅपटॉपवर वेट्स (प्रत्येक अँटेनाचा सिग्नल किती प्रमाणात आणि किती मागेपुढे करून बेरजेत घ्यायचा ते आकडे) काढली आणि बघतो तर काय, जॅमर (आपला सिग्नल दाबणारा दुसरा ट्रान्समीटर) गेला ते ठीक, पण ज्या सिग्नलसाठी एवढा खटाटोप केला तोही गेला. दोघंही गायब. स्क्रीनवर नुसता नॉइज, एकदम शांत, दुपारी दोन वाजता शनिवार पेठेत असतं तसं. दोन तास कोडला शिव्या घातल्या, इन्व्हर्स तपासला, चिन्हं तपासली, आणि शेवटी कळलं की तिसरी आणि चौथी केबल उलटसुलट लावली होती. बस एवढंच.

पण त्या दोन तासांत ॲडॅप्टिव्ह ॲरे नेमका काय करतो हे जेवढं डोक्यात बसलं तेवढं कॉलेजात चार वर्षांत बसलं नव्हतं, म्हणून ठरवलं की हे पायरीपायरीने लिहून काढायचं. कोणाला बीईचा प्रोजेक्ट करायचाय, कोणी सॅटकॉममध्ये नवीन लागलंय, कोणाला नुसती खाज आहे, सगळ्यांना चालेल. खर्च नको असेल तर पहिल्या दोन पायऱ्या फक्त लॅपटॉपवर होतात.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण इंटरव्ह्यूला येणारी निम्मी पोरं इथेच घसरतात. फेज्ड ॲरे आणि ॲडॅप्टिव्ह ॲरे एकच नाही. फेज्ड ॲरेला तुम्ही सांगता "तिकडे बघ", तो बघतो. ॲडॅप्टिव्ह ॲरे आधी ऐकतो, कोण कुठून बोंबलतंय ते स्वतः ओळखतो आणि त्या दिशेला बहिरा होतो. सोसायटीची मीटिंग आठवा, सेक्रेटरी बोलतोय आणि ३०२ वाला मध्येच पार्किंगवरून ओरडतोय. सेक्रेटरीचा आवाज वाढवून उपयोग नाही, ३०२ वाल्याला वजा करता आलं पाहिजे. ते वजा करणं म्हणजे नल. पाण्याचा नळ नव्हे, शून्य.

आणि ही कल्पना नवी अजिबात नाही. हॉवेल्सने रडारसाठी साइडलोब कॅन्सलर (बाजूच्या दिशांनी घुसणारा त्रास वजा करणारी जोडणी) काढला तो १९५० च्या दशकाच्या शेवटी, ॲपलबॉमचा रिपोर्ट १९६६ चा, विड्रो आणि मंडळींचा पेपर १९६७ चा. सॅटेलाइटवर म्हणाल तर अमेरिकन सैन्याच्या डीएससीएस-३ मालिकेचा पहिला सॅटेलाइट १९८२ मध्ये गेला, त्यात ६१ बीमचा (बीम म्हणजे अँटेना ज्या अरुंद दिशेला ऐकतो ती) रिसीव्ह लेन्स अँटेना होता आणि जॅमरच्या दिशेचे बीम दाबून नल पाडता यायचा. मुलकी बाजूला ही गरज किती खरी आहे ते १९८६ च्या एप्रिलमध्ये कळलं, अमेरिकेत एका माणसाने अपलिंक (जमिनीवरून सॅटेलाइटकडे सिग्नल पाठवणाऱ्या) स्टेशनवरून जास्त पॉवर सोडून एचबीओ चॅनेलच्या कार्यक्रमावर स्वतःचा मजकूर झळकवला. सॅटेलाइट बिचारा काय करणार, जो मोठ्याने बोलेल त्याचं ऐकणार. २०२१ च्या जुलैत गेलेला युटेलसॅट क्वांटम हा ह्याच दुखण्यावरचा अलीकडचा उपाय, त्याचा रिसीव्ह अँटेना आठ बीमचा फेज्ड ॲरे आहे आणि बीमचा आकार जमिनीवरून बदलता येतो.

पायरी पहिली: कागद-पेन

हार्डवेअरला हात लावायच्या आधी एक प्रश्न: सॅटेलाइटवरून बघताना गिऱ्हाईक आणि उपद्रवी ह्यांच्यात कोन किती?

आपलंच उदाहरण घेऊ. ८३ अंश पूर्वेला जिओ सॅटेलाइट (जिओस्टेशनरी, म्हणजे पृथ्वीसोबत फिरणारा आणि म्हणून आकाशात एकाच जागी दिसणारा) आहे असं धरा, पुण्यातून तो दक्षिणेच्या जरा पूर्वेला साधारण ६६ अंश उंचीवर दिसतो आणि अंतर येतं ३६,२०० किलोमीटरच्या आसपास. गिऱ्हाईक पुण्यात, जॅमर मुंबईत, सरळ रेषेत अंतर सुमारे १२० किलोमीटर. १२० भागिले ३६,२०० म्हणजे ०.००३३ रेडियन, म्हणजे ०.१९ अंश. आपल्याला मुंबई तीन तास लांब वाटते, लोणावळ्याला ट्रॅफिक लागला तर पाच, पण वरून बघणाऱ्याला ती पुण्याच्या अंगाला चिकटलेली दिसते.

आता ॲरे किती रुंद हवा? तरंगलांबी भागिले कोन. केयू बँडचा अपलिंक १४ गिगाहर्ट्झचा, तरंगलांबी २.१४ सेंटिमीटर, भागिले ०.००३३, उत्तर साडेसहा मीटर. केए बँडला ३० गिगाहर्ट्झ धरलं तर १ सेंटिमीटर तरंगलांबी आणि ३ मीटर. एवढी रुंदी असेल तर मुंबईवर नल पाडूनही पुण्याचं काहीही बिघडत नाही. अर्ध्या रुंदीत भागवायचं म्हटलं तर पुण्याच्या सिग्नलचे सव्वादोन डीबी (डेसिबल, दर दहा डीबीला पॉवर दहापट) जातात, पाव रुंदीत सात डीबी, त्याच्या खाली मग जॅमरसोबत गिऱ्हाईकही बुडतं.

इथे लोक लगेच म्हणतात की एलिमेंट (ॲरेतला एकेक अँटेना) वाढवू. वाढवा की! पण एलिमेंटची संख्या वेगळ्या कामाला येते. संख्या ठरवते किती जॅमर एकाच वेळी दाबता येतील, 'एन' एलिमेंट असतील तर एक हव्या सिग्नलला धरायला जातो आणि उरलेले 'एन वजा एक' नल. जॅमर किती जवळ बसलेला चालेल हे ठरवते रुंदी. आणि हवा असलेला सिग्नल वाचेल की नाही, हे ठरवतं कॅलिब्रेशन (चॅनेल-चॅनेलमधला फरक मोजून भरून काढणं). तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी बघितलेल्या बहुतेक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तिन्हीची खिचडी असते.

दोन एलिमेंटमधलं अंतर हा भाग मला स्वतःला फार आवडतो. पुस्तकात सगळीकडे अर्धी तरंगलांबी लिहिलेलं असतं, ते का तर अंतर वाढलं की ग्रेटिंग लोब येतात, म्हणजे बीमच्या डुप्लिकेट. पण जिओवरून अख्खी पृथ्वी मध्यापासून फक्त ८.७ अंशांत मावते, त्यामुळे डुप्लिकेट बीम अवकाशात गेला तर जाऊ दे ना, तिथे कोण बसलंय. हिशोब केला तर अंतर ३.३ तरंगलांब्यांपर्यंत चालतं, १४ गिगाहर्ट्झला सात सेंटिमीटर. ५५० किलोमीटरवरच्या लिओ (खालच्या कक्षेतल्या) सॅटेलाइटला मात्र क्षितिज ६७ अंशांवर असतं, तिथे ही चैन नाही, ०.५४ तरंगलांबी म्हणजे जवळजवळ पुस्तकातलाच आकडा.

आता साडेसहा मीटर भागिले सात सेंटिमीटर करा, एका बाजूला ९२ एलिमेंट, चौरसात आठ हजारांच्या वर. प्रत्येकाला लो नॉइज ॲम्प्लिफायर, कन्व्हर्टर (सिग्नलचे आकडे करणारा), वॅट, उष्णता. म्हणून जिओवर बहुतेक वेळा मोठा रिफ्लेक्टर (डिश) आणि त्याच्यासमोर फीडचा (डिशवरून येणाऱ्या लहरी घेणाऱ्या छोट्या अँटेनांचा) ॲरे असा मधला मार्ग असतो, रुंदी रिफ्लेक्टर देतो आणि हुशारी फीड देतात. २००५ मध्ये सुरू झालेल्या इनमारसॅट-४ मालिकेत ९ मीटरचा रिफ्लेक्टर आणि १२० फीड एलिमेंट होते, आणि दोनशेच्या आसपास अरुंद बीम डिजिटल प्रोसेसर बनवायचा.

पायरी दुसरी: लॅपटॉप

पायथन आणि नमपाय पुरेसं आहे. पाच एलिमेंट एका रेषेत, अंतर अर्धी तरंगलांबी. स्टिअरिंग व्हेक्टर म्हणजे एखाद्या दिशेने लहर आली तर प्रत्येक एलिमेंटवर फेज (लहर तिच्या चक्रात कुठे पोचलीय ते, अंशांत) किती दिसेल ती यादी. अर्ध्या तरंगलांबीला शेजारच्या दोघांतला फेज-फरक १८० अंश गुणिले कोनाचा साइन, म्हणजे ३० अंशांवरून आलेल्या लहरीला फेज ०, ९०, १८०, २७०, ३६०. हे पाच आकडे आधी प्रिंट करून बघा, इथे चूक असेल तर पुढे सगळंच चुकतं.

मग हवा असलेला सिग्नल ० अंशावर, जॅमर ३० अंशांवर आणि ३० डीबी जास्त, प्रत्येक चॅनेलला वेगळा नॉइज, २०० स्नॅपशॉट (एकाच क्षणी पाचही चॅनेलचे घेतलेले आकडे म्हणजे एक स्नॅपशॉट). ह्यातून कोव्हेरियन्स मॅट्रिक्स काढा, पाच बाय पाच. म्हणजे कोणता चॅनेल कोणाशी किती जुळतोय ह्याची यादी. वेट्स काढायची रीत केपॉनची, १९६९ ची: कोव्हेरियन्सचा इन्व्हर्स, गुणिले हव्या दिशेचा स्टिअरिंग व्हेक्टर, आणि शेवटी एका आकड्याने भागायचं म्हणजे हव्या दिशेचा गेन (सिग्नल किती पट होतो तो आकडा) बरोबर १ राहतो. शब्दांत सांगायचं तर, "ह्या दिशेला हात लावू नको, बाकी जे काही येतंय ते जमेल तेवढं कमी कर."

वेट्स लावताना कॉन्ज्युगेट विसरू नका. विसरलात तर प्लॉटमध्ये नल ३० ऐवजी उणे ३० वर दिसतो, सुंदर खोल नल, चुकीच्या बाजूला. मी हे किमान चार वेळा केलंय.

बरोबर आलं की खरी मजा सुरू करा, जॅमर हळूहळू जवळ आणा आणि दर वेळी सिग्नल-विरुद्ध-बाकी-सगळं हे गुणोत्तर टिपून ठेवा. जॅमर ३० अंशांवर असताना नुकसान ०.२ डीबी, म्हणजे नाहीच. १० अंशांवर ३.३ डीबी. ५ अंशांवर साडेआठ डीबी, आणि लक्षात घ्या पाच एलिमेंटचा एकूण फायदाच सात डीबी आहे, म्हणजे ह्यापेक्षा जॅमर नसताना एक अँटेना बरा. २ अंशांवर १६ डीबीच्या वर. आता एलिमेंट दहा करा, अंतर तेच, ५ अंशांवरचं नुकसान ३.१ डीबीवर येतं. पण दहा न करता पाचच ठेवून अंतर दुप्पट केलं तर? ३.२ डीबी. जवळजवळ तेच! रुंदी आणि संख्येबद्दल वर जे बोललो ते इथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, माझ्या शब्दावर जायची गरज नाही.

स्नॅपशॉट किती लागतात ह्यावर रीड, मॅलेट आणि ब्रेनन ह्यांचा १९७४ चा नियम आहे, एलिमेंटच्या साधारण दुप्पट घेतले तर आदर्शापेक्षा सरासरी तीन डीबीने कमी पडता. पाचला दहा. मी शंभरच्या खाली जात नाही, लॅपटॉपला काय फरक पडतो. पण हा नियम धरतो की त्या स्नॅपशॉटमध्ये फक्त जॅमर आणि नॉइज आहेत. हवा असलेला सिग्नलही त्यात असेल, आणि असतोच, तर स्नॅपशॉट बरेच जास्त लागतात.

आता मुद्दाम बिघडवा. हवा असलेला सिग्नल आधी उणे २० अंशांवर न्या, कारण ० अंशाला पाचही आकडे सारखेच असतात आणि अदलाबदलीने काही बदलत नाही, मग हव्या दिशेच्या व्हेक्टरमध्ये तिसरा आणि चौथा आकडा अदलाबदल करा, माझ्या केबलसारखा. प्लॉट बघा. सिग्नल गेला. कारण सोपं आहे, तुम्ही म्हणालात "ह्या व्हेक्टरला हात लावू नको", खरा सिग्नल दुसऱ्याच व्हेक्टरने आला, ॲरेच्या नजरेत तो "बाकी जे काही" मध्ये पडला, आणि आज्ञाधारक पोरासारखं त्याने तोही कापला. गंमत म्हणजे हवा असलेला सिग्नल जितका जोरदार तितका तो जास्त कापला जातो. जॅमरला मात्र चुकीच्या केबलने काही फरक पडत नाही, कारण त्याचा व्हेक्टर आपण सांगतच नाही, डेटामधून तो आपोआप येतो.

ह्यावरचा घरगुती उपाय डायगोनल लोडिंग. कोव्हेरियन्सच्या कर्णावर एक आकडा मिळवायचा, नॉइजच्या पातळीपेक्षा दहा डीबी जास्त इथून सुरुवात करा. त्याने ॲरे जरा मंद होतो, बारीकसारीक गोष्टींवर उड्या मारत नाही, जोरदार जॅमर मात्र कापतोच. दुसरा उपाय जमत असेल तर सर्वात भारी, हवा असलेला सिग्नल बंद असताना कोव्हेरियन्स काढायचा.

पायरी तिसरी: सामान

पाच चॅनेलचा कोहेरंट रिसीव्हर लागतो, म्हणजे पाचही चॅनेल एकाच घड्याळावर चालणारे. मी क्रॅकेनएसडीआर वापरला, त्यात पाच ट्यूनर एका क्लॉकवर आहेत, २४ मेगाहर्ट्झ ते १७६६ मेगाहर्ट्झ चालतो आणि आत कॅलिब्रेशनसाठी नॉइज सोर्स आहे. परवडत नसेल तर दोन आरटीएल डोंगल (स्वस्त यूएसबी रेडिओ रिसीव्हर) घेऊन एकाचं २८.८ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल काढून दुसऱ्याचं क्लॉक त्याला द्यायचं, दोन एलिमेंट, एक नल, शिकायला पुरेसं. फक्त सोल्डरिंगला हात स्थिर हवा, चहा नंतर.

ट्रान्समीटर म्हणून लोरा (कमी पॉवरचा, लांब पल्ल्याचा रेडिओ) बोर्ड दोन, ८६६ मेगाहर्ट्झवर. ८६५ ते ८६८ हा पट्टा आपल्याकडे ठरावीक पॉवरच्या आत विनापरवाना वापरता येतो म्हणून. ह्याच्या बाहेर डब्ल्यूपीसीच्या (केंद्र सरकारच्या वायरलेस परवाना विभागाच्या) परवान्याशिवाय काही सोडू नका आणि जीपीएसवर किंवा मोबाइलच्या पट्ट्यात "टेस्टिंगसाठी जॅमर" हा विचार तर मनातही आणू नका, ते थेट बेकायदेशीर आहे. आपला जॅमर म्हणजे तोच लोरा बोर्ड, फक्त पॉवर जास्त ठेवलेला.

८६६ ला तरंगलांबी ३४.६ सेंटिमीटर, म्हणून अंतर १७.३ आणि पाच एलिमेंटची एकूण लांबी ६९ सेंटिमीटर. अँटेना म्हणजे पाव तरंगलांबीची तार, हिशोबाने ८.६५ सेंटिमीटर पण कापताना ८.२ च्या आसपास कापा, एसएमए कनेक्टरवर सोल्डर केलेली. खाली ॲल्युमिनियमचा पत्रा, मी दीड मीटर बाय ४० सेंटिमीटरचा रविवार पेठेतून आणला आणि कनेक्टर, केबल, ५० ओहमची टर्मिनेशनं तपकीर गल्लीतून. तिथे दुकानदाराला नुसतं "एसएमए" म्हणू नका, मेल-फिमेल आणि आरपी (रिव्हर्स पोलॅरिटी) की साधं हे नीट सांगा नाहीतर संध्याकाळी परत गर्दीतून जावं लागतं, पार्किंगचं तर बोलूच नका.

एक युक्ती जी फार कमी लोक करतात: दोन्ही टोकांना आणखी एकेक अँटेना तेवढ्याच अंतरावर लावा आणि तिला ५० ओहमचं टर्मिनेशन द्या, रिसीव्हरला जोडूच नका. कारण मधल्या अँटेनांना दोन्हीकडे शेजारी असतो, टोकाच्यांना एकाच बाजूला, त्यामुळे टोकाचे वेगळं वागतात. डमी लावली की पाचही जणांना सारखा शेजार मिळतो. पत्रा मोठा घेतला तो ह्याच्यासाठी.

केबल एकाच रिळातून, एकाच लांबीच्या, आणि मोजून. टेफ्लॉनच्या बारीक केबलमध्ये वेग प्रकाशाच्या ७० टक्के धरा, म्हणजे ८६६ मेगाहर्ट्झला एक सेंटिमीटरचा फरक १५ अंश फेज. आता १५ अंश म्हणजे काय? डेटा न बघता आधीच ठरवलेल्या वेट्सनी दोन चॅनेल एकमेकांतून वजा करताना १ अंशाची चूक असेल तर उणे ३५ डीबीपर्यंत जाता येतं, ५ अंशांची असेल तर उणे २१, १० अंशांची असेल तर उणे १५. आणि प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप गुंडाळा. हो, आता गुंडाळतो मी.

पायरी चौथी: गच्ची आणि कॅलिब्रेशन

ह्या पायरीला अर्धा दिवस द्या. सगळी कला इथेच आहे.

रिसीव्हरच्या आतला नॉइज सोर्स पाचही ट्यूनर एकमेकांशी जुळवतो, पण तो स्विचच्या आतलंच बघतो. बाहेरची केबल, कनेक्टर, अँटेना, शेजाऱ्यांचा परिणाम हे त्याला दिसतच नाही. म्हणून दुसरं कॅलिब्रेशन बाहेरून करायचं. एक लोरा बोर्ड स्टुलावर ठेवा, ॲरेच्या बरोबर समोर, ० अंशावर. किती लांब? दोन गुणिले लांबीचा वर्ग भागिले तरंगलांबी, आपल्याला पावणेतीन मीटर येतं, तो किमान आकडा, मी आठ-दहा मीटरवर ठेवतो. त्या वेळी पाच चॅनेलमध्ये जो फेज आणि ॲम्प्लिट्यूडचा फरक दिसेल तो करेक्शन म्हणून साठवायचा. मग बोर्ड २० अंशांवर, ४० अंशांवर न्या आणि करेक्शन लावून फेज हिशोबाप्रमाणे येतात का बघा. ५ अंशांच्या आत आले तर पुढे जा. नाही आले तर आजूबाजूला बघा, बहुतेक चोर तिथेच असतो.

आमच्या गच्चीवर चोर दोन होते, पाण्याची टाकी चढायची लोखंडी शिडी आणि सोलर वॉटर हीटर. पुण्यातल्या कुठल्या गच्चीवर सोलर नसतो सांगा. त्याच्यावरून आपलाच सिग्नल परत येतो, दहा मीटर फिरून, म्हणजे ३३ नॅनोसेकंद उशिरा. लोराच्या १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थला ३३ नॅनोसेकंद काहीच नाही, त्यामुळे तो दुसरा सिग्नल न वाटता त्याच सिग्नलची सावली वाटतो. आणि इथे केपॉनची रीत फार वाईट फसते: हव्या दिशेचा गेन १ ठेवते, कबूल केल्याप्रमाणे, पण सावलीला असं वेट देते की दोन्हींची बेरीज शून्य होते. नियम पाळून फसवणूक!

ह्यावरचा इलाज म्हणजे स्पेशियल स्मूदिंग. शॅन, वॅक्स आणि कैलाथ ह्यांचा १९८५ चा पेपर. ह्यातले थॉमस कैलाथ म्हणजे आपल्या पुण्यात १९३५ मध्ये जन्मलेले, सेंट व्हिन्सेंट्स शाळा, मग १९५६ ला सीओईपीतून (पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून) टेलिकम्युनिकेशनची डिग्री, पुढे एमआयटी आणि स्टॅनफर्ड. दिशा शोधायची एस्प्रिट नावाची रीत आहे तीही त्यांची आणि रॉयची. आपल्या गच्चीवरच्या सोलरचा त्रास आपल्याच गावच्या माणसाने सोडवून ठेवलाय म्हणजे.

करायचं असं: पाच एलिमेंटचे तीन गट पाडा, १-२-३, २-३-४, ३-४-५. प्रत्येक गटाचा तीन बाय तीन कोव्हेरियन्स काढा आणि तिघांची सरासरी घ्या. प्रत्येक गटाला सिग्नल आणि सावली ह्यांच्यातला फेज वेगळा दिसतो, सरासरीत त्यांचं साटंलोटं सैल होतं. किंमत मात्र मोजावी लागते, पाचचा ॲरे तीनचा झाला, रुंदी अर्धी झाली, आणि रुंदी गेली की काय होतं ते वर बघितलंच. म्हणून मी आधी ॲरे सोलरपासून लांब सरकवतो, स्मूदिंग नंतर. शिवाय हे फक्त सरळ, सारख्या अंतराच्या ॲरेला चालतं, गोलात लावलेल्या अँटेनांना असं थेट नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू मधेच येऊन विचारून गेल्या, "हा पत्रा रिकामाच आहे ना, कुरडया घालू का वाळत?" मी म्हटलं काकू उद्या. ओली कुरडई ८६६ मेगाहर्ट्झला काय करते हे मोजायचं अजून राहिलंय.

कॅलिब्रेशन एकदा केलं की झालं असंही नाही. दुपारी पत्रा तापतो, केबल तापते, फेज सरकतो. नारायणगावच्या पुढे खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटरच्या ३० डिश, पल्सार बघताना त्यांचे सिग्नल एका फेजमध्ये आणून बेरीज करतात, आणि तिथेही थोड्या थोड्या वेळाने ओळखीच्या रेडिओ स्रोतावर फेज परत जुळवावा लागतो. त्यांना करावं लागतं तर आपण कोण.

पायरी पाचवी: जॅमर चालू

हवा असलेला बोर्ड ० अंशावर, जॅमर ४० अंशांवर. पहिलं काम, रिसीव्हरचा गेन कमी करा. ह्या डोंगलचे कन्व्हर्टर आठ बिटचे, जोरदार जॅमर आला की ते भरून जातात आणि एकदा टोकं कापली गेली की जगातलं कोणतंही गणित सिग्नल परत आणत नाही. हिस्टोग्राम बघा, आकडे दोन्ही टोकांना साचत असतील तर गेन खाली.

मग कोव्हेरियन्सची आयगेनव्हॅल्यू (किती वेगळे स्रोत किती जोरात येतायत ते सांगणारे आकडे) बघायची सवय लावा, हा माझा सर्वात आवडता स्टेथोस्कोप आहे. फक्त जॅमर चालू असताना एक मोठी आणि चार जवळजवळ सारखी छोटी दिसली पाहिजेत. दुसरीही डोकं वर काढत असेल तर एकतर कन्व्हर्टर भरतोय, नाहीतर चॅनेलची घड्याळं जुळलेली नाहीत, नाहीतर खरंच तिसरा कोणी ट्रान्समीटर आहे.

अजून एक फटका मला बसला तो सांगतो. लोरा सतत बोलत नाही, पॅकेट सोडतो आणि थांबतो. मी नेमका त्या थांब्यात कोव्हेरियन्स काढला, वेट्स काढली, छान शांत नॉइज दिसला, आणि पुढच्या पॅकेटला जॅमर जशास तसा आत. ॲरेने त्याला बघितलंच नव्हतं तर टाळणार कसा. म्हणून कोव्हेरियन्स चालता ठेवा, जुन्याला ०.९९ ने गुणून नवीन मिळवत जा. खऱ्या जॅमरचीही हीच चाल असते, चालू-बंद करत ॲरेला दमवायचं. सगळं नीट झालं तर गच्चीवर २० डीबीच्या आसपास दाब मिळतो, ह्या सामानाला तो चांगला म्हणायचा.

हेच वर नेलं तर काय बदलतं

पहिलं, बँडविड्थ. आपण १२५ किलोहर्ट्झवर खेळलो म्हणून एकच वेट चाललं. साडेसहा मीटरच्या ॲरेवर ८.७ अंशांवरून लहर आली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायला ३.३ नॅनोसेकंद लागतात, आणि ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा असेल तर तेवढ्यात दीडपेक्षा जास्त सायकलचा फरक पडतो, म्हणजे पट्ट्याच्या एका टोकाला नल मुंबईवर आणि दुसऱ्या टोकाला कुठेतरी अरबी समुद्रात. म्हणून पट्ट्याचे बारीक तुकडे करून प्रत्येकाला वेगळी वेट्स द्यावी लागतात.

दुसरं, वेग. ५५० किलोमीटरवरचा लिओ डोक्यावरून जाताना सेकंदाला ०.८ अंश सरकतो, त्यामुळे गिऱ्हाईकाची दिशा सतत कक्षेच्या हिशोबातून घ्यावी लागते. जिओला हा त्रास नाही, तिथे सूर्य एका बाजूला आणि काळोख दुसऱ्या, रिफ्लेक्टर आणि फीडचा सांगाडा तापतो-थंडावतो, त्याचं कॅलिब्रेशन जमिनीवरच्या बीकनकडे बघून करतात.

तिसरं, अपलिंकची वेट्स डाउनलिंकला जशीच्या तशी चालत नाहीत, फ्रिक्वेन्सी वेगळी असते. दिशा तेवढी उचलायची, वेट्स परत काढायची. हे इतकं साधं आहे की विसरायला होतं.

खरा सॅटेलाइट ऐकायचा असेल तर रशियाचे मीटिओर हवामान सॅटेलाइट १३७ मेगाहर्ट्झवर चित्रं उघड पाठवतात, कोणीही घ्यावीत अशी. तरंगलांबी २.२ मीटर, अर्धी १.१, पाच अँटेनांना साडेचार मीटर गच्ची लागते, तीनात भागवलं तरी चालेल. रिसीव्हरच्या आधी एफएमचा पट्टा अडवणारा फिल्टर लावा. सॅटेलाइटची दिशा कक्षेच्या आकड्यांतून दर सेकंदाला काढा, तो झाला स्टिअरिंग व्हेक्टर, आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या एलईडीच्या ड्रायव्हरचा आणि सोलर इन्व्हर्टरचा खरखराट तो झाला जॅमर, फुकटचा आणि चोवीस तास. मीटिओरचं पोलरायझेशन गोल असतं, उभ्या तारा लावल्यात तर अर्धी पॉवर तिथेच जाते, म्हणून क्रॉस डायपोल बनवा.

आणि हे सगळं मे संपायच्या आत उरका. वळवाचा पहिला पाऊस आला की एसएमएच्या आत पाणी जातं, हिरवट होतं, आणि मग पुढच्या वर्षी कॅलिब्रेशन का बसत नाही ते शोधत बसाल. आमचा पत्रा आता खाली आणलाय, कनेक्टरना टोप्या घातल्यात. काकूंच्या कुरडया त्यावर दोन दिवसांत कडक वाळल्या.